ढकलतं इंजिन, थांबवतो टायर

डेट्रॉइट शहराच्या खाली मिठाची खाण आहे. जमिनीखाली साधारण साडेतीनशे मीटर, जवळजवळ पंधराशे एकरांवर पसरलेली. सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, तो आटला आणि मिठाचे थर मागे राहिले. १८९५ मध्ये त्यांचा पत्ता लागला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात खाणकामाला सुरुवात झाली. आज तिथलं मीठ मुख्यतः रस्त्यांवर जातं. नोव्हेंबर ते मार्च मिठाचे ट्रक गावोगाव फिरतात, बर्फ वितळवतात आणि ह्याच परिसरात जन्मलेल्या मोटारींचे पत्रे खालून कुरतडतात. मोटारींच्या राजधानीत राहून हिवाळ्याची गाडी निवडायची, तर बर्फाबरोबर ह्या मिठाचाही विचार करावा लागतो.

इथे मराठी माणसं पुष्कळ. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांतून मिशिगनला आलेले इंजिनिअर नोव्ही, ट्रॉय, कँटन अशा उपनगरांत पिढीभर राहिले आहेत. गिअरबॉक्सच्या दातांवर तासभर बोलू शकणारी ही मंडळी. पण नवीन आलेल्या एखाद्या जोडप्याने हिवाळ्यासाठी कोणती गाडी घेऊ विचारलं, की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. "लहान मुलं आहेत ना? मग एडब्ल्यूडीच घे, उगाच रिस्क नको." सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. राहिलेला अर्धा भाग गाडीच्या किमतीत धरलेला नसतो, म्हणून शोरूममध्ये तो कोणी सांगत नाही.

आधी एडब्ल्यूडी, म्हणजे ऑल व्हील ड्राइव्ह, हे काय प्रकरण आहे ते बघू. महाराष्ट्रातल्या वाचकाला थारची फोर बाय फोर माहीत असते. तिथे एक दांडा असतो. एरवी जोर फक्त मागच्या चाकांना. दांडा ओढला की पुढची आणि मागची चाकं एकमेकांना थेट जखडली जातात. चिखलात, वाळूत, ओढ्यात हे उत्तम. पण कोरड्या डांबरी रस्त्यावर ही सोय वापरू नये, कारण वळताना गाडीची चारही चाकं वेगवेगळं अंतर कापतात. पुढची चाकं मोठ्या वर्तुळात फिरतात, मागची लहान. दोन्ही जखडलेली असली की मधल्या सांध्यांवर पीळ बसत जातो, स्टिअरिंग जड होतं, चाकं फरफटतात. ऑफिसला जाताना अर्धा रस्ता कोरडा, अर्धा बर्फाळ, आणि पुलावर अचानक काच झालेला. तिथे दांडा कुठे आणि किती वेळा ओढणार?

एडब्ल्यूडीने हे काम चालकाच्या हातून काढून घेतलं. बहुतेक लहान एसयूव्हींमध्ये इंजिन पुढे, आडवं. जोर मुळात पुढच्या चाकांना. मागे जाणारा एक लांब दांडा असतो आणि त्याच्या वाटेत पातळ चकत्यांचा एक क्लच. संगणक सेकंदाला कितीतरी वेळा चारही चाकांचा वेग मोजतो, ॲक्सिलरेटर किती दाबलाय आणि स्टिअरिंग किती वळलंय तेही पाहतो. पुढची चाकं घसरायला लागली, किंवा घसरतील असं वाटलं, की चकत्या आवळल्या जातात आणि मागची चाकं कामाला लागतात. रस्ता मोकळा झाला की क्लच सैल. चालकाला ह्यातलं काही कळतही नाही.

ह्या कल्पनेचा इतिहास मोठा गमतीचा आहे. रोजच्या रस्त्यासाठीची, चारही चाकांना जोर देणारी पहिली मोटार म्हणून ब्रिटनच्या जेन्सन एफएफचं नाव घेतात. ती १९६६ ची, महाग आणि थोड्याच संख्येने बनलेली. सामान्यांच्या वाट्याला ही सोय आली ती जपानमधून, आणि तीही एका वीज कंपनीच्या गरजेतून. तोहोकू भागातल्या वीज कंपनीला डोंगरातल्या तारा भर बर्फात तपासायला जावं लागे. जीप होती, पण तिच्यात थंडीने काकडायला होई. उबदार केबिन असलेली आणि तरीही बर्फात न अडणारी गाडी त्यांना हवी होती. सुबारूच्या तिथल्या विक्रेत्याने एका साध्या गाडीत फेरफार करून नमुना तयार केला आणि त्यातून १९७२ मध्ये लिओनी ही चारचाकी जोराची स्टेशन वॅगन बाजारात आली. अमेरिकेत १९७९ च्या शरद ऋतूत एएमसी कंपनीने ईगल आणली. ह्या कंपनीचं मुख्यालय डेट्रॉइटला खेटून असलेल्या साउथफिल्डमध्ये होतं. साध्या मोटारीचं अंग, थोडी उंच ठेवण, चारही चाकांना जोर. आज ज्याला क्रॉसओव्हर म्हणतात ते सगळं तिच्यात होतं. फक्त ती काळाच्या पुढे होती आणि कंपनी खंगत चालली होती. पुढच्याच वर्षी ऑडीची क्वात्रो आली आणि तिने रॅलीच्या शर्यतींतून ह्याच तंत्राला झगमगाट दिला. १९९४ मध्ये टोयोटाची रॅव्ह फोर आणि १९९५ मध्ये होंडाची सीआर-व्ही आली, आणि शाळेच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा चेहरामोहराच बदलला.

आता मुद्द्याचं. गाडी रस्त्यावर तीन कामं करते. चालू पडते, वळते आणि थांबते. एडब्ल्यूडी पहिल्या कामात भरघोस मदत करते. दुसऱ्यात थोडी, तीही पाय ॲक्सिलरेटरवर असेल तर. तिसऱ्यात काहीच नाही. ब्रेक प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असतातच, त्यामुळे थांबण्यापुरत्या सगळ्याच गाड्या चारचाकी. उलट मागचा दांडा, क्लच, दोन चाकांत जोर वाटून देणारं डिफरन्शिअल ह्यांचं पन्नास-साठ किलो वजन एडब्ल्यूडी गाडीत जास्त असतं.

थोडं गणित करून बघू, अकरावीच्या फिजिक्सचं. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक मारल्यावर साधारण १४ मीटरमध्ये थांबते. तिथे घर्षणाचा गुणांक ०.७ च्या आसपास धरला आहे. दाबला गेलेला बर्फ असेल तर तो ०.२ वर येतो आणि अंतर ४९ मीटर होतं. नुसता पारदर्शक बर्फ, ज्याला इकडे ब्लॅक आइस म्हणतात, तिथे ०.१ धरा, अंतर शंभर मीटरच्या घरात. ह्यात पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा सेकंदभर मिळवा, म्हणजे आणखी १४ मीटर. ह्या सूत्रात गाडीची किंमत येत नाही, वजन येत नाही, किती चाकांना जोर आहे तेही येत नाही. येतो फक्त वेग आणि रबराची रस्त्यावरची पकड. आणि ह्या पकडीत आपण पैसे देऊन बदलू शकतो अशी एकच गोष्ट असते, ती म्हणजे टायर.

चढाचं गणित मात्र एडब्ल्यूडीच्या बाजूने आहे, तेही सांगायला हवं. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीच्या वजनाचा साधारण ६० टक्के भाग पुढच्या चाकांवर असतो. म्हणजे ०.२ गुणांकाच्या बर्फावर ती फार तर दर शंभर मीटरला अकरा-बारा मीटर चढेल. चढावर वजन मागे सरकतं म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही कमी. चारही चाकं ओढत असतील तर तीच गाडी जवळजवळ वीस मीटर चढेल. पिट्सबर्गसारख्या डोंगराळ शहरात हा फरक रोज जाणवतो. पेन हिल्सच्या टेकडीवरच्या श्री वेंकटेश्वर मंदिराला जानेवारीत जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. आग्नेय मिशिगन मात्र तव्यासारखा सपाट आहे. इथे एडब्ल्यूडीची खरी गरज दोन ठिकाणी पडते. एक म्हणजे सोसायटीच्या आतले रस्ते, जिथे बर्फ काढणारी गाडी सगळ्यात शेवटी येते. दुसरं म्हणजे तुमच्याच घराचं तोंड. ही गाडी रस्ता साफ करताना सगळा बर्फ कडेला ढकलते आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी गुडघाभर उंचीचा, ढेकळांचा बांध घालून जाते. सकाळी सात वाजता, मुलांची बस चुकलेली असताना, तो बांध फावड्याने उपसायचा की ओलांडायचा ह्यावर घरातली शांतता अवलंबून असते.

पण ह्याच गुणात एडब्ल्यूडीची खोड लपलेली आहे. पुढच्या चाकांवर चालणारी साधी गाडी सिग्नल सुटल्यावर जागच्या जागी चाकं फिरवते आणि रस्ता निसरडा आहे हे तुम्हाला आधीच सांगून टाकते. एडब्ल्यूडी हे सांगत नाही. ती कोरड्या रस्त्यासारखी सुरेख निघते, वेग घेते, आणि रस्ता कसा आहे ते तुम्हाला पुढच्या सिग्नलला, ब्रेकवर पाय ठेवल्यावर कळतं. पहिल्या बर्फाच्या दिवशी हायवेच्या कडेला खड्ड्यात उतरलेल्या गाड्या नीट बघा. त्यांत उंच, महागड्या, चारही चाकांच्या गाड्या काही कमी नसतात.

म्हणून गाडीच्या आधी टायर. अमेरिकेत गाडीबरोबर येतात ते ऑल सीझन टायर. नाव बारमाही असलं तरी मिशिगनचा जानेवारी त्या नावात नीट बसत नाही. ह्या टायरचं रबर उन्हाळ्यातल्या तापलेल्या रस्त्यावर झिजू नये म्हणून टणक ठेवलेलं असतं. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी खोबरेल तेलाची बाटली उलटी धरली तरी थेंब पडत नाही, तसंच काहीसं ह्या रबराचं होतं. तापमान ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की ते आखडायला लागतं आणि रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत शिरत नाही. हिवाळी टायरचं रबर वेगळ्या मिश्रणाचं असतं, उणे वीसलाही लवचीक राहणारं. त्याच्या नक्षीत ब्लेडने चिरल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात. चाक फिरताना त्या उघडतात, बर्फाला कडा लावतात आणि थोडा बर्फ पकडून ठेवतात. बर्फ बर्फाला चांगला चिकटतो. मुलं बर्फाचे गोळे करतात ते ह्याच गुणावर. फिनलंडच्या नोकियन कंपनीने १९३४ मध्ये पहिला हिवाळी टायर बनवला, तोही मोटारींसाठी नव्हे तर ट्रकांसाठी. मोटारींसाठीचा हाक्कापेलीता दोन वर्षांनी आला, आणि ते नाव अजून चालू आहे.

समजा, चांगल्या हिवाळी टायरने दाबलेल्या बर्फावरचा गुणांक ०.२ वरून ०.२८ वर नेला. वरच्या गणितात ४९ मीटरचे ३५ होतात. चौदा मीटर वाचले, म्हणजे तीन गाड्यांची लांबी. पुढे उभी असलेली स्कूल बस आणि तुमचा बंपर ह्यांच्यातलं हे अंतर कुठल्याही इंजिनने विकत मिळत नाही.

खरेदी करताना टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह शोधा. नुसती 'एम' आणि 'एस' ही अक्षरं असतील तर त्यांना फारसा अर्थ नाही, ती नक्षीच्या ठेवणीवरून मिळतात. हिमकणाच्या चिन्हासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागते. उत्तर अमेरिकेत मात्र ही चाचणी दाबलेल्या बर्फावर ओढ किती मिळते ह्याची असते, काचेसारख्या बर्फावर थांबण्याची नसते. त्यामुळे हे चिन्ह म्हणजे किमान पात्रता समजावी. अलीकडे ऑल वेदर नावाचा तिसरा प्रकार लोकप्रिय झाला आहे. त्याला हिमकणाचं चिन्ह असतं आणि तो वर्षभर चालतो. माझं मत विचाराल तर डेट्रॉइट, शिकागो किंवा न्यू जर्सीत, जिथे रस्ते लवकर साफ होतात आणि टायर ठेवायला गॅरेजमध्ये जागा नाही, तिथे हा तोडगा चांगला आहे. मिनिअॅपोलिस, बफलो किंवा मॉन्ट्रियलला राहत असाल तर खरे हिवाळी टायरच घ्या. मॉन्ट्रियलला तर निवडीचा प्रश्नच नाही. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च ह्या काळात हिवाळी टायर कायद्यानेच लागतात. शेजारच्या ऑन्टारिओत सक्ती नाही, पण २०१६ पासून तिथल्या विमा कंपन्यांना हिवाळी टायर लावणाऱ्यांना हप्त्यात सवलत द्यावी लागते. मिसिसॉगा-ब्रॅम्प्टनच्या मराठी घरांतून ही सवलत मागायची राहून जाते असं मला बऱ्याचदा दिसतं.

टायर चारही बदलायचे. फक्त पुढचे दोन हिवाळी लावले तर ब्रेक मारल्यावर गाडीची शेपटी पुढे यायला बघते. एडब्ल्यूडीत तर आणखी एक कारण आहे. चारांपैकी एक टायर पंक्चर होऊन नवीन आला आणि बाकीचे तीन अर्धे झिजलेले असतील, तर नव्या टायरचा घेर मोठा राहतो. संगणकाला आणि क्लचला वाटतं की एक चाक सतत वेगळ्या वेगाने फिरतंय. कालांतराने मधला क्लच तापतो, खराब होतो, आणि त्याची दुरुस्ती चार टायरांच्या किमतीहून महाग पडते. म्हणून एडब्ल्यूडी घेणाऱ्याने टायर वेळोवेळी पुढचे मागे, मागचे पुढे करून घ्यावेत आणि बदलायची वेळ आली की चारांचा खर्च धरूनच चालावं.

पैशाचा हिशेब इथेच करून टाकू. सीआर-व्हीसारख्या गाडीत एडब्ल्यूडीसाठी साधारण दीड हजार डॉलर जास्त पडतात. लोखंडी रिमसकट हिवाळी टायरांचा संच हजार-बाराशेपर्यंत मिळतो, आणि तो वापरात असताना उन्हाळी टायर झिजत नसल्यामुळे त्यातले बरेच पैसे वसूल होतात. इंधनाचा फरक लोक समजतात तेवढा नाही. २०२३ च्या पेट्रोल सीआर-व्हीचा सरकारी आकडा पुढच्या चाकांवर ३० मैल प्रति गॅलन आणि चारही चाकांवर २९, म्हणजे लिटरमागे साधारण अर्धा किलोमीटर. त्याहून जास्त थंडीच खाते. उणे सातला शहरात चालणाऱ्या पेट्रोल गाडीची सरासरी २५ अंशांच्या तुलनेत सुमारे १५ टक्क्यांनी घसरते, आणि किराणा, शाळा, पोहण्याचा क्लास अशा तीन-चार मैलांच्या फेऱ्यांत त्याहून जास्त. दोन्हींपैकी एकच परवडत असेल आणि घर सपाट भागात असेल, तर साधी गाडी आणि हिवाळी टायर घ्या. दोन्ही परवडत असतील तर प्रश्नच नाही.

आता गाड्या. सुबारू फॉरेस्टर उत्तर अमेरिकेत एडब्ल्यूडीशिवाय मिळतच नाही. पोट जमिनीपासून २२ सेंटीमीटर वर, तिच्या बरोबरीच्या बहुतेक गाड्यांपेक्षा थोडं जास्त, आणि काचा मोठ्या असल्याने बर्फाच्या ढिगाआडून येणारी गाडी दिसते. तिच्यात मागच्या चाकांना कायमच काही जोर मिळत असतो, त्यामुळे निसरड्यावर निघताना वाट बघावी लागत नाही. इंजिन जरा मंद आहे, पण बर्फात कुणाला पळायचंय? सीआर-व्हीचे मागचे दरवाजे जवळजवळ काटकोनात उघडतात. मुलाची सीट बसवताना त्याची किंमत कळते. माझदा सीएक्स-५ चालवायला सगळ्यांत गोड आणि अमेरिकेत २०२२ च्या मॉडेलपासून तिला एडब्ल्यूडी सरसकट दिली आहे, पण मागची सीट तशी तंग. रॅव्ह फोर हायब्रिडच्या एडब्ल्यूडीचा प्रकार निराळा. तिच्यात मागे जाणारा दांडाच नाही. मागच्या चाकांना स्वतंत्र इलेक्ट्रिक मोटर आहे. सुटण्यापुरती, चढ ओलांडण्यापुरती ती पुरेशी आहे; गाडी मैलोन् मैल ढकलायला नाही. २०१९ नंतरच्या काही वर्षांच्या मॉडेलांत ह्या मोटरकडे जाणारी केबल मिठामुळे गंजते अशा तक्रारी कॅनडात गाजल्या आणि टोयोटाला त्या भागाची वॉरंटी वाढवावी लागली. जुनी हायब्रिड घेणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

घरात दोन मुलं आणि सहा महिने आजी-आजोबा अशी स्थिती असेल तर माझी शिफारस कुणाला आवडत नाही, तरी करतो. एसयूव्ही सोडा आणि मिनिव्हॅन बघा. टोयोटा सिएना २०२१ पासून हायब्रिडच आहे आणि एडब्ल्यूडीतही मिळते. क्रायस्लर पॅसिफिकालाही त्याच वर्षी एडब्ल्यूडी आली. सरकते दरवाजे, सपाट आणि खालची पायरी, तिसऱ्या रांगेत माणसासारखी जागा. आजींचा गुडघा दुखतो आणि अंगात नऊवारी नसली तरी साडी असते. त्यांच्यासाठी सेदान फार खाली आणि तीन रांगांची मोठी एसयूव्ही फार वर. मध्यम क्रॉसओव्हर आणि मिनिव्हॅन ह्या दोन्हींत सीट बरोबर कमरेच्या उंचीला येते, बसताना वाकावं लागत नाही की चढावं लागत नाही. पण मिनिव्हॅन म्हटलं की चाळिशीतल्या पुरुषांचा चेहरा पडतो, हा माझा जुना अनुभव.

बाकीच्या सोयींपैकी कशाला पैसे द्यावेत? गरम होणारं स्टिअरिंग आणि सीट, हो. घरातून गाडी सुरू करण्याची सोय, नक्कीच. मात्र गॅरेजचं दार बंद असताना कधीही नाही, कारण कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. बर्फात अडकून गाडीतच थांबावं लागलं तर आधी बाहेर येऊन सायलेन्सरचं तोंड मोकळं करायचं, तेही ह्याच कारणासाठी. मागच्या काचेला वायपर हवाच, कारण चौकोनी पाठीची गाडी स्वतःच्याच मागे बर्फाची धूळ ओढून घेते. एलईडी दिवे छान, पण जुन्या बल्बसारखे तापत नाहीत. त्यांच्यावरचा बर्फ हाताने पुसावा लागतो. छताची उंचीही बघा. न्यू जर्सीत छतावर बर्फाचा थर घेऊन रस्त्यावर आलात तर दंड होतो, आणि तो थर हायवेवर उडून मागच्याच्या काचेवर आदळतो म्हणून तसा कायदा नसलेल्या ठिकाणीही तो काढावा. पाच फूट उंचीच्या माणसाला फॉरेस्टरच्या छताचा मध्य गाठायला लांब दांड्याचा ब्रश लागतो.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट गाडीच्या कुठल्याही यादीत नसते. फुगीर कोट घालून मुलाला सीटच्या पट्ट्यांत बांधू नये. पट्टा घट्ट वाटतो, पण अपघातात कोटातली हवा दबते आणि मूल पट्ट्यातून सुटू शकतं. कोट काढायचा, पट्टा बांधायचा, मग वरून कोट किंवा पांघरूण. हे उणे दहाला रोज करायचं असेल तर गाडी आधीच गरम असणं ही चैन राहत नाही.

इलेक्ट्रिक गाड्यांना दोन मोटरी असल्या की एडब्ल्यूडी जवळजवळ फुकटात मिळते, आणि ती यांत्रिक क्लचपेक्षा चपळही असते. अडचण पल्ल्याची. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या २०१९ च्या चाचणीत उणे सातला हीटर लावल्यावर पल्ला सरासरी ४१ टक्क्यांनी घटला. त्यानंतर उष्मा-पंप आले आणि परिस्थिती सुधारली, तरी घरी चार्जर नसेल तर मिशिगनच्या हिवाळ्यात हा व्यवहार जुळवणं कठीण.

जुनी गाडी घेणाऱ्यांना ह्या देशाच्या भूगोलाचा फायदा-तोटा दोन्ही आहे. टेक्सास, फ्लोरिडातून आलेल्या सीआर-व्ही आणि रॅव्ह फोर खालून स्वच्छ असतात, पण बऱ्याचदा पुढच्याच चाकांच्या. बाहेरून दिसायला अगदी तशाच. मागे बिल्ला आहे का ते बघा, आणि मागच्या चाकांच्या मध्ये डिफरन्शिअलचा गोळा आहे का ते वाकून बघा. ओहायो, मिशिगन, न्यूयॉर्कमधल्या गाड्या एडब्ल्यूडी खऱ्या, पण मिठाने खाल्लेल्या. लिफ्टवर चढवल्याशिवाय घेऊ नका. दाराखालची पत्र्याची पट्टी, मागचा सबफ्रेम आणि ब्रेकच्या नळ्या हे तीन भाग आधी तपासून घ्या. पत्र्याचा गंज दिसतो आणि मन दुखतं. नळीचा गंज दिसत नाही आणि ब्रेक जातो. आपली गाडी असेल तर दर हिवाळ्याआधी खालून तेलाचा फवारा मारून घ्यावा, आणि मीठ पडल्यावर तापमान शून्याच्या वर आलं की खालचा भाग धुवावा. मीठ कोरड्या कडाक्याच्या थंडीत फारसं काही करत नाही. उबदार गॅरेजमध्ये, ओल्या पत्र्यावर ते जोमाने काम करतं.

बर्फाबद्दल असाच एक गैरसमज आहे. उणे वीसचा दिवस सगळ्यात धोक्याचा वाटतो, पण बर्फ सर्वांत निसरडा असतो तो शून्याच्या आसपास, जेव्हा त्याच्यावर पाण्याचा बारीक थर असतो. उणे वीसला तो कोरडा आणि खरखरीत होतो. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली, दुपारी पाऊस आणि संध्याकाळी गारठा अशी वेळ जास्त फसवते, आणि त्यात पूल आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो. म्हणून टायर बदलण्याची वेळ ऑक्टोबरातच ठरवून ठेवावी. पहिला बर्फ पडल्यावर टायरच्या दुकानात तीन-तीन आठवडे नंबर लागत नाही, आणि हव्या त्या मापाचे टायर तोवर संपलेले असतात.

शोरूममधल्या टेस्ट ड्राइव्हमध्ये एडब्ल्यूडीची परीक्षा होत नाही. बहुतेक वेळा कोरडा रस्ता असतो, बाजूला विक्रेता असतो आणि तो 'स्नो मोड'चं बटण दाबून दाखवतो. त्यापेक्षा त्या अर्ध्या तासात मुलांच्या दोन्ही सीट मागे बसवून बघा. मागे तोंड असलेली सीट लावल्यावर पुढे बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला लागतात का? जाड बूट घालून ब्रेक आणि ॲक्सिलरेटर वेगवेगळे दाबता येतात का? हातमोजे घालून हीटरची बटणं फिरवता येतात, की सगळं स्क्रीनच्या आत लपवलंय? वीस पौंडांच्या कणकेच्या दोन पिशव्या, स्ट्रोलर आणि फावडं डिकीत एकदम मावतं का? आजोबा आलेले असतील तर त्यांनाही घेऊन जा आणि मागच्या सीटवर बसायला सांगा. उतरताना ते दाराची वरची कड धरतात की सीटची पाठ, एवढं बघितलंत तरी पुष्कळ कळेल.